वीरगती प्राप्त झालेल्या जवानाच्या मुलांचे शिक्षण : कोणती सवलत कोणत्या कागदावर मिळते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मंगळवेढा तालुक्यातील एका नाईक हुद्द्याच्या जवानाला काश्मीरमधील दहशतवादविरोधी मोहिमेत वीरमरण आले. त्यांची पत्नी मुलांच्या शिक्षणासाठी आता सोलापुरात भाड्याच्या घरात राहते. मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिला अभियांत्रिकीला जायचे आहे, मुलगा पाचवीत खासगी शाळेत आहे. शाळेने पूर्ण फी मागितली आहे. त्यावर वीरपत्नीच्या बंधूंनी विचारले आहे की शहिदांच्या मुलांचे शिक्षण मोफत असताना शाळा फी कशी मागू शकते, महिना दहा हजार रुपयांची मर्यादा आहे असे कोणी सांगते ते खरे का, आणि या सगळ्यासाठी नेमके जायचे कोठे.

मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे आणि आजही अशी प्रकरणे पाहतो. माझ्या समोर आलेल्या बहुतेक कुटुंबांची अडचण योजनांच्या अभावाची नव्हती. मृत्यूची नोंद कोणत्या प्रकारात झाली आहे हे कुटुंबाला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसताना एकामागून एक अर्ज भरले जातात. त्यामुळे फीच्या प्रश्नाकडे वळण्याआधी त्या नोंदीविषयी लिहितो. पुढची प्रत्येक गोष्ट तिच्यावर उभी आहे.

गावात अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले, बंदुकीच्या फैरी झडल्या, चौकाला नाव दिले गेले, तरी त्यावरून सवलतीची पात्रता ठरत नाही. लष्कराच्या दप्तरी मृत्यूची नोंद एक तर युद्धजन्य हानी म्हणून होते, ज्याला आपल्याकडील सगळे जवान ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणतात, किंवा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, म्हणजे मोहिमेबाहेरचा मृत्यू, म्हणून होते. दुसऱ्या प्रकारात मृत्यू लष्करी सेवेमुळे ओढवला की नाही, असा पुढचा प्रश्न येतो. निवृत्तिवेतनासाठी केंद्र सरकारच्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशात मृत्यूचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच प्रवर्ग केले आहेत. ‘ए’ म्हणजे सेवेशी संबंध नसलेला नैसर्गिक मृत्यू, ‘बी’ आणि ‘सी’ म्हणजे सेवेमुळे ओढवलेला मृत्यू, ‘डी’ आणि ‘ई’ म्हणजे दहशतवादी हिंसा, युद्ध किंवा युद्धसदृश मोहिमेतील मृत्यू. सामान्य माणसाला हे ओळखण्याचा सोपा मार्ग पीपीओमध्ये, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशात आहे. त्यावर ‘लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन’ असे लिहिले असेल तर प्रकरण साधारणतः ‘डी’ किंवा ‘ई’ मधले आहे. ‘स्पेशल फॅमिली पेन्शन’ असेल तर मृत्यू सेवेमुळे झाला असे मान्य झालेले आहे. ‘ऑर्डिनरी’ असेल तर तसे मान्य झालेले नाही. आपल्या भगिनींनी सर्वप्रथम ‘स्पर्श’ या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवरून पीपीओ काढून घ्यावा, त्यातला हा एक शब्द वाचावा आणि अभिलेख कार्यालयाकडून, म्हणजे जवानांच्या सेवेचे दप्तर सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयाकडून, बॅटल कॅज्युअल्टीचे प्रमाणपत्र मागवून त्याच्या साक्षांकित प्रती तयार ठेवाव्यात.

अभिलेख कार्यालय जवानाच्या रेजिमेंटनुसार ठरते, जिल्ह्यानुसार नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीचे दप्तर बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आहे. सोलापूरचे सैनिक कल्याण कार्यालय या दप्तरांशी पत्रव्यवहार करू शकते, परंतु मृत्यूचा प्रवर्ग ठरवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. हे समजून न घेता लोक तेथील लिपिकाशी भांडतात आणि करमाळा-माळशिरसहून आलेल्यांचा दिवस मोडतो.

आता मूळ प्रश्न. आपले प्रकरण बॅटल कॅज्युअल्टीचे आहे असे गृहीत धरतो, कारण मोहिमेतील मृत्यूच्या वर्णनावरून तसेच दिसते. अशा जवानांच्या मुलांसाठी संरक्षण मंत्रालयाची शैक्षणिक सवलतीची योजना आहे. १९७१ च्या युद्धानंतर ती सुरू झाली आणि पुढे सियाचीनमधील ऑपरेशन मेघदूत, श्रीलंकेतील ऑपरेशन पवन आणि दहशतवादविरोधी मोहिमांतील जवानांच्या मुलांनाही लागू झाली. मोहिमेत बेपत्ता झालेल्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या जवानांची मुलेही तिच्यात येतात. तिच्यात शिक्षण शुल्क पूर्ण मिळते, वसतिगृह आणि भोजनाचा खर्च पूर्ण मिळतो, शाळेच्या बसचे शुल्क किंवा मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेला बस अथवा रेल्वे पासचा खर्च मिळतो, आणि पुस्तके-वह्या व गणवेशासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळते. पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत हा लाभ चालू राहतो.

दहा हजारांची गोष्ट खरी होती, आता नाही. १ जुलै २०१७ पासून शिक्षण शुल्क आणि वसतिगृह खर्च मिळून दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली होती. त्यावर देशभरातून नाराजी व्यक्त झाली आणि मार्च २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती मर्यादा काढून टाकली. जुने परिपत्रक दाखवून कोणी आपल्याला ही मर्यादा सांगत असेल, तर नंतरचा आदेश पाहावा असे नम्रपणे सुचवावे.

राहिली शाळेची गोष्ट. शाळेने फी मागितली यात शाळेचे काही चुकलेले नाही. ही योजना प्रतिपूर्तीची आहे. म्हणजे फी आधी कुटुंबाने भरायची, पावती घ्यायची, वर्षाचा दावा मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रासह सादर करायचा आणि मग रक्कम खात्यावर जमा होते. खासगी शाळेला फी माफ करण्याचा कोणताही आदेश या योजनेतून जात नाही. व्यवहारात त्याचा अर्थ असा की जूनमध्ये हातात रोख लागते आणि ती परत येईपर्यंत पुढची फी डोक्यावर आलेली असते. माझा सल्ला असा आहे की सानुग्रह अनुदान किंवा विम्याच्या रकमेतून किमान एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च वेगळ्या बचत खात्यात ठेवावा, त्यातूनच फी भरावी आणि प्रतिपूर्ती त्याच खात्यात घ्यावी. हा पैसा फिरता राहिला तर दरवर्षी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. ट्रॅक्टर, घराचे बांधकाम किंवा दिराच्या धंद्यासाठी सगळी रक्कम एकदम काढून घेण्याचा आग्रह या काळात घरातूनच होतो. तेथे बंधू म्हणून आपण ठाम राहावे.

दावा अडकतो तो बहुतेक वेळा पावतीवर. शाळेने ‘एकूण शुल्क’ अशी एकच रक्कम लिहून दिली, तर तपासणाऱ्याला त्यात शिक्षण शुल्क किती, अनामत किती आणि देणगी किती हे कळत नाही. अनामत रक्कम आणि देणगी यांची प्रतिपूर्ती होत नाही. म्हणून शाळेकडून आताच, वर्ष संपण्याची वाट न पाहता, तपशीलवार पावती मागावी, जिच्यात शिक्षण शुल्क, बस, गणवेश, पुस्तके आणि इतर शुल्क वेगवेगळे लिहिलेले असतील. देणगीची पावती न देता रोख घेणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. तो पैसा कोणत्याच योजनेतून परत येत नाही, हे प्रवेश घेतानाच लक्षात ठेवावे. शाळा किंवा महाविद्यालय केंद्र अथवा राज्य शासनाने मान्यता दिलेले असले पाहिजे, हीदेखील अट आहे. सोलापुरातील नावाजलेल्या बहुतेक संस्थांना तिची अडचण नाही, परंतु गल्लीबोळात निघालेल्या ‘इंटरनॅशनल’ पाट्यांच्या शाळांत प्रवेश घेण्यापूर्वी मान्यतेचे पत्र अवश्य पाहावे.

नावांची तफावत ही दुसरी मोठी अडचण. आपल्याकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. लष्करी दप्तरात बऱ्याचदा वडिलांचे नाव गाळलेले किंवा आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असते. जन्मदाखल्यावर एक तारीख आणि सेवापुस्तिकेत दुसरी, असेही घडते, कारण जवानाने रजेवरून परतल्यावर आठवणीने नोंद केलेली असते. प्रत्येक मुलाचे नाव ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे जवानाच्या कुटुंबाची नोंद करणाऱ्या लष्करी आदेशाने, दप्तरात नोंदलेले आहे का, आणि ते जन्मदाखला, शाळेचा दाखला व आधार यांच्याशी अक्षरशः जुळते का, हे एकदा बसून तपासावे. जुळत नसेल तर दुरुस्ती लष्करी दप्तरात करायची की शाळेच्या दाखल्यात, हे जन्मदाखला पाहून ठरवावे. सगळे कागद एकदम बदलायला जाऊ नये. वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तर जन्मदाखला मिळताच अभिलेख कार्यालयाला कळवणे हे पहिले काम असते, अन्यथा पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी ते मूल लष्कराच्या लेखी अस्तित्वातच नसते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते एकदाच करावे लागते.

मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाविषयी सविस्तर लिहितो, कारण तेथे वेळ चुकली तर ती परत मिळत नाही.

प्रवेश मिळणे आणि फीची सोय होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेत संरक्षण दलातील व्यक्तींच्या पाल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. माजी सैनिकांचे पाल्य, सेवारत सैनिकांचे पाल्य आणि राज्याबाहेरून बदली होऊन आलेल्या सैनिकांचे पाल्य असे या आरक्षणाचे तीन उपप्रकार आहेत. नोंदणी करताना योग्य प्रकार निवडणे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडणे आवश्यक असते. महाराष्ट्राच्या अधिवासाचा दाखलाही लागतो. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात, म्हणून तो आताच काढावा. वालचंदसारख्या स्थानिक महाविद्यालयाबरोबरच पुण्यात दिघी येथील आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा विचार करावा. तेथे प्रवेश लष्करी जवानांच्या पाल्यांनाच मिळतो. पुण्यात राहण्याच्या खर्चाची धास्ती घेऊ नये, कारण वसतिगृहाचा खर्च वर सांगितलेल्या सवलतीत येतो. तिचा कल पुढे वैद्यकीयकडे वळला तर केंद्राच्या संरक्षण कोट्यातील प्राधान्यक्रमात मोहिमेत वीरगती प्राप्त झालेल्यांच्या पत्नी व पाल्यांचा क्रम पहिला आहे. सेवेमुळे मृत्यू आलेल्यांच्या पाल्यांचा क्रम तिसरा येतो, म्हणजे पुन्हा प्रश्न मृत्यूच्या नोंदीचाच. नीटची परीक्षा मात्र दोघांनाही द्यावी लागते.

याखेरीज पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. ती २००६-०७ पासून केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत राबवली जाते आणि तिचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या असतात, निम्म्या मुलींसाठी. मुलीला दरमहा ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये या दराने वर्षाची रक्कम एकदम मिळते, म्हणजे मुलीला वर्षाला ३६,००० रुपये. बारावीला, अथवा पात्रता पदविका किंवा पदवीची असेल तर तिला, किमान ६० टक्के गुण लागतात. दरवर्षी नूतनीकरणासाठी ५० टक्के. मोहिमेत वीरगती प्राप्त झालेल्यांच्या पाल्यांचा प्रवर्ग येथेही पहिला आहे.

या योजनेची जी अट लोकांच्या लक्षात राहत नाही ती अशी की अर्ज अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी करावा लागतो. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर ‘आता करू’ म्हटले तर संपूर्ण अभ्यासक्रमाचा लाभ गेला. चार वर्षांच्या अभियांत्रिकीत त्याचा अर्थ १,४४,००० रुपये होतो. अर्ज ऑनलाइन असतो, परंतु मूळ कागद घेऊन सोलापूरच्या कार्यालयात पडताळणी करून घ्यावी लागते. महाविद्यालयाचे बोनाफाइड आणि आधारशी जोडलेले बँक खाते मुलीच्या स्वतःच्या नावावर हवे. ही शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि एमबीए, एमसीए यांनाही चालते. त्यामुळे पहिल्या पदवीबरोबर शैक्षणिक सवलत संपली तरी वाणिज्य पदवीधर मुलीने एमबीए करायचे ठरवल्यास ही वाट उघडी असते. वीरपत्नीही स्वतः या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकते. पस्तिशीच्या आतल्या भगिनींना मी हे नेहमी सांगतो, पण त्यांच्या सासरी ते फारसे ऐकून घेतले जात नाही.

महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे, तेही आपल्या भाचीला लागू होते का पाहावे. शुल्क माफ झाले तर त्याच शुल्काची प्रतिपूर्ती संरक्षण मंत्रालयाकडे मागता येणार नाही, मात्र वसतिगृह आणि पुस्तकांचा दावा करता येतो. प्रत्येक अर्जात ‘इतर ठिकाणाहून लाभ घेतला आहे का’ असा रकाना असतो. तेथे खरे तेच लिहावे. एकाच पावतीवर दोन ठिकाणी पैसे घेतल्याचे उघड झाले तर वसुली तर होतेच, शिवाय पुढचे सगळे दावे संशयाने पाहिले जातात.

मुलासाठी लगेच विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे सैनिक शाळा. सातारची सैनिक शाळा १९६१ पासून चालू आहे, ती देशातील पहिली, आणि सोलापूरकरांना सोयीची. सहावीच्या प्रवेशासाठी वय प्रवेशवर्षाच्या ३१ मार्चला १० ते १२ वर्षे असावे लागते. प्रवेश परीक्षा ३०० गुणांची असून त्यांपैकी १५० गुण गणिताचे आहेत, आणि सहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते. सैनिकांच्या पाल्यांसाठी तेथे राखीव जागा असतात. मुलगा पाचवीत असल्याने हे वर्ष त्याच्या हाताशी आहे. तो लहान आहे, वडील गेल्याचा घाव ताजा आहे आणि आईपासून दूर राहणे त्याला झेपणार नसेल, तर हा नाद सोडून द्यावा. नववीलाही प्रवेश असतो, मात्र ती परीक्षा इंग्रजीतून असते. जवळच मोहोळ तालुक्यात पोखरापूर येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे, त्याची परीक्षाही पाचवीतच असते. दोन्ही अर्ज भरून ठेवण्यास काहीच हरकत नाही. सैनिक कल्याण विभागाची मुलामुलींसाठी वसतिगृहेही आहेत, ज्यांत दिवंगत जवानांच्या पाल्यांना प्राधान्य मिळते. खेड्यावरून शहरात शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ती घरभाड्यापेक्षा केव्हाही बरी.

ज्यांच्या पीपीओवर ‘स्पेशल’ किंवा ‘ऑर्डिनरी’ असे लिहिले आहे, त्या कुटुंबांसाठीही दोन शब्द लिहितो, कारण जिल्ह्यात त्यांची संख्या कमी नाही. रस्ते अपघात, हृदयविकार, आजार यांत गेलेल्या जवानांच्या मुलांना वर सांगितलेली पूर्ण प्रतिपूर्ती मिळत नाही. त्यांच्यासाठी रक्षा मंत्री भूतपूर्व सैनिक कल्याण निधीतून हवालदार हुद्द्यापर्यंतच्या कुटुंबांना पहिली ते पदवीपर्यंत दोन मुलांसाठी शिक्षण अनुदान मिळते. पूर्वी ते दरमहा १,००० रुपये होते आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० रुपये झाले आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विधवांनाही दोन वर्षे ते मिळते. मूल आधीची इयत्ता उत्तीर्ण झालेले असावे लागते. मृत्यू कर्तव्यावर असताना होऊनही सेवेमुळे झाला नाही असा शेरा आला असेल, तर तो अंतिम समजून घरी बसू नये. लष्कराच्या अंतर्गत चौकशीच्या (कोर्ट ऑफ इन्क्वायरी) कार्यवाहीची प्रत मागावी, विभागीय अपील करावे, आणि तेथे न्याय मिळाला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. नोंद बदलली की फक्त पेन्शन वाढत नाही, मुलांचा शिष्यवृत्तीतील प्रवर्गही वर सरकतो.

केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल यांसारख्या दलांतील जवानांची मुले संरक्षण मंत्रालयाच्या योजनेत येत नाहीत. त्यांची पंतप्रधान शिष्यवृत्ती गृह मंत्रालयाच्या कल्याण व पुनर्वसन मंडळामार्फत स्वतंत्रपणे चालते आणि अर्ज त्या दलाच्या कार्यालयातून जातो. सोरेगावच्या राज्य राखीव पोलीस बलातील कर्मचाऱ्यांचे नियम तर राज्य पोलिसांचे. गणवेश सारखा दिसला तरी कार्यालये तीन आहेत.

शेवटी, अंत्ययात्रेच्या दिवशी कोणा संस्थाचालकाने ‘दोन्ही मुलांचे शिक्षण आमच्याकडे’ असे जाहीर केले होते, असे आपण कळवले आहे. अशा घोषणा मनापासून केलेल्या असू शकतात. तरी त्यांच्या संस्थेच्या लेटरहेडवर, कोणत्या इयत्तेपर्यंत, कोणते शुल्क आणि बस-वसतिगृह धरून की वगळून, हे लिहून मागावे. पत्र मिळाले तर त्या संस्थेतील शुल्काचा दावा सरकारकडे करायचा नाही. पत्र न मिळाल्यास ती घोषणा हिशोबात न धरता, या महिन्यात पीपीओ, बॅटल कॅज्युअल्टी प्रमाणपत्र, पार्ट टू ऑर्डरची प्रत, दोन्ही मुलांचे जन्मदाखले आणि शाळेची तपशीलवार पावती एवढे पाच कागद एका फाइलीत लावून आपल्या भगिनींनी स्वतः सोलापूरच्या कार्यालयात नोंदणीसाठी जावे. आई ही मुलांची नैसर्गिक पालक असल्याने सह्या तिच्याच लागतील. सासऱ्यांनी किंवा दिरांनी तिच्या वतीने केलेले अर्ज परत येतात.